बाण सुटल्यानंतर

श्रावणबाळाची गोष्ट आपल्याकडे आईबापांच्या सेवेची म्हणून सांगतात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये खांद्यावर कावड घेतलेला मुलगा येतो, कावडीत पावडर लावून केस पिकवलेले आईबाप बसतात, विंगेतून कोणीतरी तांब्या बुडबुडवतं, पुठ्ठ्याचा बाण सुटतो, श्रावण आडवा होतो आणि पडदा पडतो. महाराष्ट्र सरकारनं पासष्टीपुढच्या निराधारांच्या निवृत्तिवेतनाला त्याचं नाव दिलं, तेही याच हिशेबानं. माझी तक्रार एवढीच की पडदा फार लवकर पडतो. बाण लागेपर्यंत जे होतं तो अपघात. मारणाऱ्याला जोखायला जे लागतं ते सगळं त्यानंतर घडतं, आणि ते गॅदरिंगमध्ये कोणी दाखवत नाही.

मी कराडला वकिली केली. कलम 304-अ खालचे फौजदारी खटले आणि मोटार अपघाताचे क्लेम, हा माझा मुख्य धंदा. म्हणजे ज्यांनी ठरवून काही केलं नाही पण ज्यांच्या हातून माणूस गेला, त्यांची बाजू मांडायची. नाहीतर गेलेल्या माणसाच्या घरच्यांना त्यांच्याकडून, खरं तर त्यांच्या विमा कंपनीकडून, पैसे मिळवून द्यायचे. दोन्हीकडून उभी राहिल्यामुळे असेल, वाल्मीकीचं अयोध्याकांड वाचताना मला दशरथाची फाइल बाजूला ठेवता येत नाही.

फाइल अशी. राम वनात गेल्याची सहावी रात्र. पुत्रवियोगानं खचलेल्या दशरथाला मध्यरात्री एक जुनं कृत्य आठवतं आणि तो ते कौसल्येला सांगतो. तिचं लग्न व्हायचं होतं, हा युवराज होता, तेव्हाचं. नुसत्या आवाजावर अचूक नेम धरता येतो याची त्याला घमेंड. पावसाळ्याचे दिवस, शरयूचा काठ, मिट्ट अंधार. रेडा, हत्ती, काहीतरी पाण्यावर येईल म्हणून हा बाण लावून बसला. घागर भरल्याचा आवाज आला, याला वाटलं हत्ती. बाण सुटला आणि माणसाचा आवाज आला.

वाल्मीकीनं त्या मुलाला नावसुद्धा दिलेलं नाही. कावडही नाही, काशीही नाही. ते सगळं नंतरचं. रात्री आईबापांसाठी पाणी न्यायला आलेला तो एका तपस्व्याचा मुलगा, एवढंच. तो आधी विचारतो की रानातल्या कंदमुळांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला मारून कोणाला काय मिळालं? मग स्वतःचं सोडून आंधळ्या आईबापांचं काढतो. आणि त्यानंतर दोन गोष्टी करतो ज्यांच्यापाशी मी दरवेळी अडकते. एक, मारणाऱ्याला ब्रह्महत्येची धास्ती बसू नये म्हणून सांगतो की मी द्विज नाही, बाप वैश्य आहे नि आई शूद्र. मरणाऱ्यानं मारणाऱ्याची समजूत काढायची, आणि तीही स्वतःची जात सांगून! या एका वाक्यात त्या समाजाचा सगळा जमाखर्च येतो. दुसरं म्हणजे तो पाऊलवाट दाखवतो. ही वाट माझ्या बापाच्या आश्रमाकडे जाते, तू स्वतः जा आणि त्यांची मनधरणी कर, नाहीतर ते संतापून शाप देतील.

बाण ठेवावा तर पोर तळमळतंय, काढावा तर जाणार. दशरथ बाण काढतो आणि मुलगा मरतो. आता त्या काठावर कोणी साक्षीदार नाही. अंधारात कोणी कोणाला पाहिलेलं नाही. युवराज रथात बसून अयोध्येला परतला असता तर दुसऱ्या दिवशी दरबारात कोणी एक प्रश्न विचारला नसता. तो घागर भरून घेतो आणि त्या पाऊलवाटेला लागतो.

आश्रमात म्हातारा पावलं ऐकून म्हणतो, बाळा, एवढा उशीर कसा केलास, पाणी आण लवकर. त्यावर दशरथ पहिल्यांदा सांगतो की मी तुमचा मुलगा नाही, मी दशरथ नावाचा क्षत्रिय. आवाजाचा अंदाज चुकला, हत्ती वाटला, हे सगळं तो सांगतो, पण नंतर. आधी नाव. कोर्टात मी हा क्रम उलटा झालेलाच ऐकत आले. आधी पाऊस, मग खड्डा, मग समोरच्याची अप्पर लाईट, आणि आपलं नाव अगदी शेवटी, तेही फिर्यादीत चुकीचं पडलंय अशी हरकत घेऊन.

आता आरोपाकडे येऊ. दशरथ निर्दोष होता का? मुळीच नाही. 'चुकून' म्हणून लोक त्याला मोकळं सोडतात, पण रात्री, पाणवठ्यावर, न बघता, नुसत्या आवाजावर बाण सोडणं ही 304-अ ची सरळसोट केस आहे. हे कलम दंड संहितेत 1870 साली आलं. आमच्याकडच्या प्रत्येक फिर्यादीत त्याचं एकच ठरलेलं वाक्य असतं: रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात. 'भरधाव वेगात' तेवढं खोडा, रस्त्याच्या जागी नदी घाला, फिर्याद तयार. पाणवठ्यावर माणूसही येतो, हे राज्य चालवायला निघालेल्या पोराला कळायला हवं होतं. कालिदासाच्या ते ध्यानात आलं होतं. रघुवंशाच्या नवव्या सर्गात तो ही गोष्ट सांगता सांगता नोंद करतो की रानहत्ती मारणं राजाला मुळात निषिद्धच होतं आणि दशरथानं तो नियम ओलांडला. म्हणजे हत्ती खरोखर असता तरीही तो बाण सुटायला नको होता. सरकारी वकिलाला याहून जास्त काय लागतं?

जुन्या कायद्याला हा फरक कळत नव्हता असं नाही. महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी ज्याचं दहन झालं, आणि व्हायलाच हवं होतं, त्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाड्यांच्या अपघाताचे नियम आहेत. वेसण तुटली, जू मोडलं, आस गेला, चाक निखळलं, लगाम तुटला, किंवा गाडीवानानं 'बाजूला व्हा' म्हणून ओरडून सांगितलं होतं, अशा दहा प्रसंगी दंड नाही. गाडीवानाच्या अडाणीपणानं गाडी भरकटली तर मालकाला 200 पण. मेलेल्याची जात बघून प्रायश्चित्त ठरवणाऱ्या पुस्तकाला बैलगाडीबद्दल इतकं न्याय्य बोलता येतं, हे वाचून मला रागच जास्त आला.

दशरथाच्या प्रकरणात निकाल देतो तो आंधळा बाप. पायरीपायरीनं देतो. तू हे स्वतःहून येऊन सांगितलं नसतंस तर तुझ्या डोक्याच्या ठिकऱ्या उडाल्या असत्या. जाणूनबुजून केलं असतंस तर तू एकटा नाही, आज सगळं रघुकुल उरलं नसतं. अजाणता केलंस, म्हणून जिवंत आहेस. मग तो म्हणतो, मला मुलाकडे ने. दशरथ दोघांना नदीवर नेतो, ते प्रेताला हात लावून लावून बघतात, आणि त्यानंतर शाप येतो की मी जसा पुत्रशोकानं चाललोय तसाच तूही जाशील.

यातला दुसरा मुद्दा, जाणूनबुजून की अजाणता, प्रत्येक कायद्यात असतो. आमचं सगळं फौजदारी शास्त्र त्यावरच उभं आहे. पण म्हाताऱ्यानं त्याच्याही आधी एक मुद्दा घेतला, की येऊन सांगितलंस की नाही. कृत्याच्या वेळी मनात काय होतं हे तो दुसऱ्या नंबरला विचारतो. पहिल्या नंबरला विचारतो की त्यानंतर तू काय केलंस. अजाणता घडलेल्या गुन्ह्याला जोखायची याहून चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही.

कालिदासाचा दशरथ मात्र त्या शापालाही अनुग्रह म्हणतो, कारण मुलाचं तोंड न पाहिलेल्याला त्यातून मुलगा होणार हे तरी कळलं. कालिदास इथं जरा जास्तच गोड होतो. बाप चितेवर चढतोय आणि हा स्वतःचा फायदा मोजतोय, असं वाटत राहतं.

शाप प्रमाणाबाहेर होता का, असं विचारणारे भेटतात. प्रमाणाचा प्रश्न महाभारतानं वेगळा काढून सोडवला आहे, आदिपर्वात, अणीमांडव्याच्या कथेत. मांडव्य मौन धरून तप करतोय, चोर लुटीचा माल त्याच्या आश्रमात लपवतात, राजाचे शिपाई विचारतात, हा बोलत नाही, आणि राजा त्याला चोरांबरोबर सुळावर देतो. तो मरत नाही. सूळ निघत नाही म्हणून बाहेरचा कापतात, आतलं टोक तसंच घेऊन तो हिंडतो. पुढे धर्माला जाऊन जाब विचारतो की मी असं काय केलं होतं? धर्म सांगतो, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी टोचली होतीस. मांडव्य तिथल्या तिथं न्यायाधीशालाच शिक्षा ठोठावतो. इतक्या क्षुल्लक अपराधाला एवढी शिक्षा दिलीस, तर तू शूद्र योनीत जन्म घे. तोच विदुर. (शूद्र असणं ही शिक्षा, हा हिशेब इथंही सुटत नाही.) आणि वर नियम घालून देतो की चौदा वर्षांपर्यंत केलेलं पाप म्हणून मोजायचं नाही. आमच्या दंड संहितेत सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच नाही, आणि सात ते बारा असेल तर त्याची समज बघायची.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा लोकांना हाच प्रश्न पुन्हा पडला. प्रकरणाच्या गुणदोषांवर मी बोलणार नाही, ते कोर्टाचं काम. पण अल्पवयीन मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळानं घातलेल्या अटींत 300 शब्दांचा निबंध होता आणि महाराष्ट्र त्या निबंधावर भडकला. शिक्षा किरकोळ म्हणून भडकला, असं म्हणतात. मला त्यात आणखी एक दिसलं. तो निबंध मंडळाला द्यायचा होता. ज्या दोन घरांतली मुलं गेली, त्यांच्याकडे जाणारी पाऊलवाट त्या आदेशात कुठंच नव्हती.

अजाणता घडलेल्या वधाचा दोष कोणाचा, या प्रश्नावर ग्रीकांनी जन्म घालवले. प्लुटार्क सांगतो की खेळात भाला लागून एक माणूस मेला, तेव्हा पेरिक्लीस आणि प्रोटागोरस दिवसभर वाद घालत बसले की दोष भाल्याचा, फेकणाऱ्याचा की खेळ भरवणाऱ्यांचा. पेरिक्लीसच्या मुलानं ही गोष्ट बापाची टिंगल करायला गावभर केली. मुलाचं बरोबरच होतं म्हणा. पण दोषाचा वाद घालायला दिवस पुरत नाही हे मी साक्षीदारांच्या पिंजऱ्यासमोर उभी राहून शिकले आहे.

त्यांचा सगळ्यात मोठा आरोपी ईडिपस. पु. ल. देशपांड्यांनी त्याला 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणलं. वकिलानं त्याची फाइल उघडली तर आरोप तीन निघतात. तिठ्यावर वाटेवरून भांडण झालं, रथातल्या म्हाताऱ्यानं डोक्यात परोणी घातली, यानं उलटून त्याला आणि नोकरांना ठार केलं, एक तेवढा निसटला. हा पहिला आरोप, मनुष्यवध. इथं अजाणतेपण काही नाही. आपण माणसं मारतोय हे त्याला दिसत होतं. स्वसंरक्षणाचा बचाव घेता येईल, पण हक्काची मर्यादा ओलांडली म्हणून जज्ज भुवया वर करतील. दुसरा आरोप पितृहत्येचा. बाप ओळखला नाही, म्हणून साफ निर्दोष. तिसरा आईशी लग्नाचा. दोघंही अजाण, दोघंही निर्दोष. गंमत बघा, ज्या आरोपात तो खरा सापडतो त्याबद्दल नाटकात फारसं कोणी बोलत नाही, आणि ज्या दोन आरोपांत तो सुटेल त्यांसाठी तो बायकोच्या, म्हणजे आईच्या, वस्त्राच्या सोनेरी पिना काढून स्वतःचे डोळे फोडून घेतो.

सोफोक्लीसनं म्हातारपणी त्याच्यावर दुसरं नाटक लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर इसवी सनापूर्वी 401 मध्ये रंगभूमीवर आलं. कोलोनसला पोहोचलेला आंधळा, भिकारी ईडिपस तिथं अस्सल वकिली युक्तिवाद करतो की मला माहीत नव्हतं, हात आधी त्यांनी उचलला, कायद्यानं मी स्वच्छ आहे. युक्तिवाद बिनतोड आहे. पण हाच युक्तिवाद त्यानं पहिल्या नाटकात, पहिल्या दिवशी केला असता तर? तेव्हा त्याला सुटायची संधीही होती. खरं माहीत असलेला एक म्हातारा धनगर तेवढा उरला होता आणि त्याची बायको योकास्ता गयावया करून सांगत होती, शोध थांबव. त्यानं धनगराला बोलावलं. दशरथानं घागर उचलली तसंच हे. आधी जाऊन सांगितलेल्या माणसानं वर्षांनंतर 'माझा दोष नव्हता' म्हटलं तर ते ऐकून घ्यावं लागतं. आधी तेच वाक्य म्हणून दार लावून घेणाऱ्याचं मात्र ऐकवत नाही, मग ते शब्दाशब्दानं खरं का असेना.

ॲरिस्टॉटल इथं एक बारीक गोष्ट बोलून जातो. नीतिशास्त्राच्या तिसऱ्या पुस्तकात तो म्हणतो की अज्ञानानं केलेलं कृत्य मनाविरुद्ध घडलं असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा करणाऱ्याला नंतर त्याचं दुःख होतं. दुःखच झालं नाही, तर त्याची गणना वेगळी. तर्कानं हे कोड्यात टाकतं, नंतरच्या भावनेनं आधीच्या कृत्याचा वर्ग कसा बदलेल? बौद्ध परंपरा याच्या उलट टोकाला आहे, तिथं हेतू हेच कर्म. धम्मपदाच्या अट्ठकथेत आंधळ्या चक्खुपाल भिक्खूच्या पायाखाली किडे मेले. बुद्धांनी त्याला दोष दिला नाही, कारण त्याला दिसत नव्हतं आणि मनात हिंसा नव्हती. हा निकाल मला मान्य आहे. मात्र तो आंधळ्याला लागू होतो. दशरथाला दोन डोळे होते आणि त्यानं ते न वापरण्याची पैज लावली होती.

एक खटला सांगते. पाटणकडून कराडच्या मार्केट यार्डाला पहाटे टोमॅटो घेऊन येणारा टेम्पो. ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा टायर फुटला, गाडी उजवीकडे ओढली गेली आणि समोरून सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून येणाऱ्या तरण्या पोराला घेऊन थांबली. ड्रायव्हरनं मागचे क्रेट भराभरा रस्त्याकडेला उतरवले, जागा केली, दोन गावकऱ्यांच्या मदतीनं पोराला आत घेतलं आणि दवाखाना गाठला. पोरगा वाचला नाही. ड्रायव्हर तिथून चालत पोलीस ठाण्यात गेला.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात लिहिलेलं, 'रस्त्यावर टोमॅटोचे क्रेट विखुरलेले'. सरकारी वकिलांनी त्याच ओळीवर वेग सिद्ध करायला घेतला. एवढे क्रेट उडाले म्हणजे गाडी किती जोरात असेल. मी पंचाला उलटतपासात विचारलं, टोमॅटो फुटले होते का? तो म्हणाला, थोडे. क्रेट उपडे होते का सरळ? सरळ. एकावर एक? होय, तीन-तीनच्या चवडी होत्या. मग विखुरलेले कसे? तो म्हणाला, दोन-तीन ठिकाणी होते म्हणून तसं लिहिलं. कोर्टात क्षणभर सगळे गप्प. ज्या गोष्टीनं तो माणूस कसा आहे ते कळत होतं, तीच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून नोंदली गेली होती. टायरचं बिल नवं होतं, आरटीओच्या इन्स्पेक्टरचा अहवाल बाजूनं आला, तो सुटला.

पण मला आठवतं ते त्याआधीचं. खटल्याच्या सुरुवातीला मॅजिस्ट्रेट आरोप समजावून सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? उत्तराचे शब्द दोनच, कबूल किंवा नाकबूल. हा म्हणाला, "पोरगं माझ्याच गाडीखाली गेलं, साहेब." साहेबांनी पुन्हा विचारलं. ह्यानं पुन्हा तेच सांगितलं. साहेब सज्जन होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाकबूल. तशी नोंद झाली आणि कायद्यानं ती अचूक होती. निकालानंतर वकिलाकडे पेढे आणायची आमच्याकडे पद्धत आहे. त्यानं फी चुकती केली, पेढे आणले नाहीत.

मुलाचा बाप साक्षीला आला होता. दुपारी कँटीनपाशी त्यानं मला गाठलं. "दवाखान्यात त्यानंच आणला म्हणतात?" मी होय म्हटलं. "मग घरी का आला नाही?"

याचं उत्तर मला माहीत होतं. तो दहाव्याला जायला निघाला होता, टेम्पोच्या मालकानं अडवलं. मोटार विम्याच्या पॉलिसीत छापील अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकानं किंवा त्याच्या वतीनं कोणी जबाबदारी कबूल करायची नाही, काही देऊ करायचं नाही, वचन द्यायचं नाही. मालकानं त्याचा अर्थ लावला की तिथं जाऊन हात जोडलेस तर क्लेम माझ्या गळ्यात येईल. अर्थ थोडा ताणलेला होता, पण कुठल्याही वकिलानं त्याला वेगळा सल्ला दिला नसता. हात जोडले ही कबुली आहे, असं समोरचा वकील म्हणणारच.

अथेन्सच्या ड्रेकोला लोक कठोर कायद्यांसाठी ओळखतात. त्याचा मनुष्यवधाचा कायदा इसवी सनापूर्वी 409 च्या सुमारास पुन्हा दगडावर कोरला गेला, तो दगड आजही अथेन्समध्ये आहे. ठरवून न मारणाऱ्यालाही हद्दपारी होती, पण परतीची वाट मेलेल्याच्या घरातून जात होती. बाप, भाऊ, मुलं, सगळ्यांनी मान्य केलं तर समेट. एकानं जरी नाही म्हटलं तरी त्याचं चालायचं. आमच्याकडे 304-अ चा गुन्हा तडजोडीला पात्रच नाही. बापानं कोर्टात उभं राहून 'मी माफ केलं' म्हटलं तरी ते वाक्य खटल्याच्या दृष्टीनं कुठं बसत नाही. क्लेमच्या बाजूला तर माणसंच गायब होतात. ड्रायव्हर बहुतेक वेळा हजर राहत नाही, विमा कंपनी लढते, आणि सगळा वाद मेलेल्याच्या पगारावर, वयावर, गुणकावर होतो. अविवाहित मुलगा असेल तर निम्मी कमाई त्यानं स्वतःवर खर्च केली असती असं धरून तेवढी वजा करतात. श्रावणाच्या आईबापांचा क्लेम लागला असता तर आमच्या टेबलावर पहिला वाद हाच झाला असता.

1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. 304-अ चं कलम 106 झालं, शिक्षा दोन वर्षांवरून पाचांवर गेली. त्यातल्या पोटकलम 2 मध्ये श्रावणाच्या बापाची पहिली अट अवतरली होती. मारून पळाला आणि पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला कळवलं नाही, तर दहा वर्षांपर्यंत. त्यावर जानेवारी 2024 मध्ये देशभर ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, आणि सरकारनं ते पोटकलम लागू करणं लांबणीवर टाकलं. ट्रकवाल्यांना सरसकट पळपुटे म्हणणं मला पटत नाही. अपघाताच्या जागी थांबलेल्याला जमाव काय करतो ते मी फोटोंत पाहिलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्ये जखमीला दवाखान्यात नेण्याचं कर्तव्य सांगताना जमावाच्या क्षोभाचा अपवाद मुद्दाम घातला आहे, तो उगाच नाही. दशरथाच्या वाटेवर जमाव नव्हता. म्हणून थांबून कळवणाऱ्याला संरक्षण आधी, आणि न कळवणाऱ्याला शिक्षा नंतर, असा क्रम हवा होता. तो उलटा लावला आणि पोटकलम अडकलं.

पोलिसांना कळवणं ही तरी पाऊलवाटेची पहिली निम्मी वाट. पुढची निम्मी, त्या घरापर्यंतची, आपल्या कायद्यानं भिंत घालून बंद केली आहे, आणि ती उघडणं अवघड नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं 2006 मध्ये असा कायदा केला की मागितलेली माफी ही जबाबदारीची कबुली धरली जाणार नाही. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये नुकसानभरपाईच्या कायद्यात तेवढ्याच आशयाचं कलम आलं. हाँगकाँगनंही 2017 मध्ये तसा कायदा केला, आणि ब्रिटिश कोलंबियासारखंच, माफी मागितली म्हणून विम्याचं संरक्षण जाणार नाही हेही लिहून ठेवलं. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही.

साक्ष्य अधिनियम 2023 साली नव्यानं लिहिताना हे करता आलं असतं, झालं नाही. आता दुरुस्तीनं करावं. दोन वाक्यं पुरतील. अपघातानंतर मृताच्या किंवा जखमीच्या कुटुंबाला भेटून व्यक्त केलेलं दुःख किंवा मागितलेली क्षमा दिवाणी वा फौजदारी कामात कबुली म्हणून वाचू नये, आणि त्या कारणानं विमा कंपनीनं क्लेम नाकारू नये. ड्रायव्हरची संघटना हे मागणार नाही, विमा कंपनीला त्यात फायदा नाही, आणि मेलेल्याच्या बापाची संघटना नसते. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बार असोसिएशननी तसा ठराव करून बार कौन्सिलमार्फत विधी आयोगाकडे पाठवावा, अशी माझी वकील मंडळींना विनंती आहे. सुरुवात कराडनं करावी.